टाकीवाल्याच्या पट्ट्याची शिवण

धाकट्या मुलाचा सिनेमा चालू लागल्यापासून चार महिन्यांत या घरात काय काय आले ते आधी लिहिते, म्हणजे माझ्या मागे कोणी कोणाकडे संशयाने बघायला नको. भिंतभर टीव्ही, एक नग, बासष्ट हजार. दोन दारांचा फ्रिज, एक नग, सत्तेचाळीस हजार. त्यात सध्या अर्धा लिटर दूध आणि चार लिंबे आहेत. पाठीला आराम देणारी खुर्ची, चौदा हजार पाचशे. तीत बसले की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. मिठाईचा पाच किलोचा डबा, फुकट, वितरकांकडून. याच गृहस्थांनी मागच्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगितले होते की आजी, घरगुती व्हिडिओला तिकीट काढून कोणी येत नसतं. डबा मी न उघडता वरच्या शिक्षिकाबाईंकडे दिला. शेवटी माझ्या हिश्शाचा धनादेश. आकडा बँकेच्या पुस्तकात आहे, मी तो अजून मोठ्याने वाचलेला नाही. किमती धाकटा सांगत नाही. मी खोक्यांतल्या पावत्यांवरून घेतल्या आहेत.

आता मुद्द्याचे. मी, वय वर्षे बहात्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला समोर ठेवून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे. काल डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. रक्तदाब आहे, पण त्याने माणूस खोटे लिहीत नाही. हे लिहायला कोणी मला भाग पाडलेले नाही. थोरल्याने लिहू नकोस म्हणून पुष्कळ सांगितले, ते पुढे येईलच. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण देण्यासारखे काही नव्हते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची, दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. यजमानांनी हप्ते फेडता फेडता डोक्याचे केस घालवले, तेव्हा विकायची घाई करू नये. गच्चीवर कपडे वाळत घालावेत, हवा खावी. कोणालाही दोराने लटकवू नये.

कलम २. शिवणयंत्र थोरल्या सुनेला. ती सगळ्यांना सांगत असते की आईंची शिवण म्हणजे लोखंड. कलम ५ वाचून तिला ते नकोसे झाले तर भंगारात द्यावे, मला वाईट वाटणार नाही. स्वयंपाकाची भांडी तिलाच. मोठ्या पातेल्याचा कान तिच्याच हातून तुटला आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

कलम ३. शेजारच्या भाऊंनी शूटिंगला शिडी मागितली तर दिली नाही, आणि आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की सिनेमातला टाकीवाला आमच्याच शिडीवरून चढला. त्यांना मी काही ठेवत नाही. हे कलम घालू नका असे वकिलांनी सुचवले होते. घातले आहे.

कलम ४. सिनेमातला माझा हिस्सा. हे कलम लांबेल. धाकटा आठ वर्षे लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढत होता. त्याला सिनेमा काढायचा होता, तोही उडणाऱ्या माणसाचा. पाण्याच्या टाक्या साफ करणारा एक साधा माणूस तोंडाला फडके बांधून टाकीत उतरतो आणि बाहेर येतो तो उडतच, अशी गोष्ट. मी म्हटले, अरे, उडायला पैसे लागतात. तो म्हणाला की उतरायला लागत नाहीत, आपण उतरतानाचंच जास्त दाखवू. मी हसले आणि माझ्या मुदतठेवी मोडून त्याच्या हातात दिल्या. थोरला हिशेबनीस आहे. त्याने रीतसर कागद करून सिनेमाचा एक तृतीयांश हिस्सा माझ्या नावे लावला. शूटिंग याच घरात, याच गच्चीवर झाले. जेवणखाण माझे, शिवणकाम माझे. टाकीवाल्याचा निळा झगा आमच्या बाहेरच्या खोलीचा जुना पडदा आहे, हे आता पेपरातही छापून आले आहे.

टाकीवाला झाला माझा भाचा. माझ्या बहिणीचा मुलगा. ती गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्याच हाताखाली वाढला. धंदा उंच इमारती रंगवण्याचा, दोराला लटकून. त्या लोकांत एक शिस्त असते. ज्याने लटकायचे त्यानेच आपली गाठ मारायची, दुसऱ्याने बोटही लावायचे नाही. बारा वर्षांत त्याची गाठ कधी हलली नव्हती. मुकादम नव्या लोकांना त्याच्या गाठी बघायला उभे करायचा. सिनेमात तोंड झाकलेलेच होते, मग नटाला पैसे कशाला, म्हणून धाकट्याने त्यालाच घेतला. धाकट्याला तो दादा म्हणतो, तोही दादासाठी एका पैशाशिवाय उभा राहिला.

कलम ५. याचा कच्चा मसुदा मी तीनदा फाडला. रोज पहाटे देवासमोर बसते, त्यालाही हे आजवर शब्दांत सांगितले नव्हते.

भाच्याचा कामाचा पट्टा जाड, झग्याखालून दिसायचा. म्हणून धाकट्याने मला पातळ पट्टा शिवायला सांगितला. गिर्यारोहणाचे सामान मिळते त्या दुकानातून नवी पट्टी आणायला साडेआठशे दिले. मी दुकानात गेले, पट्टी हातात धरली, किंमत ऐकली आणि परत आले. यजमानांच्या जुन्या सूटकेसला तशीच पट्टी होती. वीस वर्षे माळ्यावर पडलेली. वरून चांगली दिसत होती. तीच धुतली, तिला लोखंडी कडी शिवली, दोराही जुन्याच रिळाचा घेतला. साडेआठशे डब्यात ठेवले आणि कोणाला बोलले नाही.

शूटिंगच्या सकाळी गच्चीवर झग्याला टाचण्या लावायला मीच होते. भाच्याने कडीत दोर ओवला, आपली गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मग पट्टा चाचपून मला विचारले, "मावशी, पट्टा नवाच आहे ना?"

मी म्हटले, "नवाच."

दुसऱ्या कोणी दिला असता तर त्याने त्या पट्ट्याला आधी दोन दिवस वजन टांगून बघितले असते. मी दिला, म्हणून नुसते विचारले.

तो कठड्यावरून तरंगत जायचा होता. कठडा सोडला, हातभर गेला आणि खाली आला. खालच्या पत्र्याच्या शेडवर आदळून गल्लीत पडला. कमरेचे आणि डाव्या पायाचे हाड मोडले. दोर धरून उभी असलेली धाकट्याच्या हाताखालची दोन पोरे जिन्याने खाली धावली. कॅमेरा आणि धाकटा खाली गल्लीतच होते. गच्चीवर मी एकटी उरले आणि समोर तो दोर लोंबत होता. त्याच्या टोकाला भाच्याची गाठ होती तशीच होती. गाठीत कडी होती आणि कडीला माझ्या शिवणीचा फाटका तुकडा.

मी खाली गेले नाही. दोर वर ओढला आणि गाठ सोडायला बसले. ताणाने ती इतकी आवळली होती की नखे तुटली, मग कात्रीचे टोक घातले. अर्धा तास लागला. खाली माणसे ओरडत होती, गाडी आली, गाडी गेली. त्या अर्ध्या तासात मला देव एकदाही आठवला नाही. कडी आणि तुकडा ओच्यात घातला आणि मोकळा दोर तिथेच टाकून दिला. पुढे ज्याने ज्याने तो दोर बघितला तो म्हणाला, गाठ सुटली. दवाखान्यात त्याचे कपडे कापून काढले, त्याचे गाठोडेही माझ्याच हातात दिले. उरलेला पट्टा मी चुलीत घातला. धाकट्याला वाचवायला केले असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. ते खरे नाही. मला माझी लाज वाटली, एवढेच खरे आहे.

चौथ्या दिवशी भाच्याने डोळे नीट उघडले. म्हणाला, "माझीच गाठ सुटली गं मावशी. दादाला बोलू नकोस काही."

मी त्याच्या तोंडात पाण्याचा चमचा घातला.

कलम ६. पुढचे सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहिते. उरलेला सिनेमा दुसऱ्या एका उंच मुलाला झगा घालून पुरा केला. त्याच्यासाठी मी साडेआठशेची नवी पट्टी आणली. पडल्याचे चित्रण धाकट्याने काढून टाकले नाही. गोष्टच फिरवली, की टाकीवाला पहिल्यांदा उडतो तेव्हा पडतो. पहिल्या आठवड्यात एका थिएटरात फक्त दुपारचा खेळ मिळाला. माणसे अकरा, त्यांतली चार आमच्या घरची. मग कोणीतरी ते पडणे फोनवर टाकले, आणि तिसऱ्या आठवड्यात तिकिटांना रांगा लागल्या. कोट्यवधींच्या सिनेमांत सगळे खोटे असते, इथे मात्र माणूस खराखुरा पडल्यासारखा वाटतो, असे पेपरवाल्यांनी लिहिले. जिथे बारा दिवस चालला तर पुष्कळ, असे वितरक म्हणत होते, तिथे तो अजून उतरलेला नाही.

मी एकदाच गेले. तो पडला तेव्हा सगळ्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. मागचा एकजण बायकोला म्हणत होता की पडावं तर असं. मी उठून बाहेर पायऱ्यांवर बसले. तिकिटे फाडणाऱ्याने पाणी आणून दिले आणि विचारले, आजी, घाबरलात का, खोटं असतं ते.

भाच्याचा पाय आता बरा आहे. डॉक्टर म्हणतात, चढायला हरकत नाही. पण मुकादमाने सांगून टाकले की ज्याची गाठ सुटली तो माणूस माझ्या दोरावर नको. त्याचे स्वतःचेही तेच मत. दुसऱ्या गावी रंगाच्या दुकानात डबे ढवळून देतो. धाकट्याने पाठवलेले पैसे परत करतो. सिनेमात नाव घालू नका, हे त्यानेच सांगितले.

कलम ७. म्हणून सिनेमातला माझा सगळा एक तृतीयांश हिस्सा, आलेला आणि यायचा, मी माझ्या भाच्याला देते. ही बक्षिसी नव्हे, भरपाईही नव्हे. हाडाची भरपाई मला येत नाही. कडी आणि पट्ट्याचा तुकडा शिवणयंत्राच्या खालच्या खणात कापडात बांधून ठेवला आहे, तोही त्याचाच. त्याचे नाव सिनेमात सगळ्यांच्या आधी घालावे. यावर दोन्ही मुलांनी तक्रार करू नये.

थोरल्याला मी हे महिन्यापूर्वी सांगितले. तो म्हणाला, "आई, आता बोलून कोणाचं भलं होणार आहे? धाकट्यावर केस होईल." मी म्हटले, शिवण माझी, केसही माझ्यावर होऊ दे. हे त्याने प्रेमापोटी म्हटले, हेही इथे नोंदवते. त्याच्याविषयी मनात काही नाही.

कलम ८. हे कलम आज सकाळी वाढवले. वरचे सगळे लिहून झाल्यावर वकील म्हणाले, पाकीट सीलबंद करू, तुमच्या पश्चात उघडेल. तेव्हा माझ्या लक्षात आले की कबुली देऊन कोणाच्याही तोंडाकडे बघावे लागू नये, अशी सोय मी करून घेते आहे. हीसुद्धा माझी काटकसरच. म्हणून पाकीट बंद करायचे नाही असे ठरवले.

धाकट्याला वाचून दाखवले. त्याने कडी मागून घेतली आणि गच्चीवर गेला. दोनदा चहा गरम केला, तो आला नाही. खाली आला तेव्हा एवढेच विचारले की तो पडण्याचा भाग काढू का. मी म्हटले, ते तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही.

मग शिक्षिकाबाईंना सोबत घेऊन मुकादमाकडे गेले. तो इमारतीखाली दोरांची वेटोळी मोजत होता. कडी त्याच्या हातात दिली आणि सगळे सांगितले. त्याने तुकडा उलटापालटा केला, उसवलेली शिवण बघितली.

"गाठ कोणी सोडली म्हणालात?"

"मी."

"किती वेळ लागला?"

"अर्धा तास. कात्री लावून."

त्याने कडी माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे गाठ पक्की होती." आणि तोंड फिरवून पुन्हा दोर मोजायला लागला. निघताना मागून त्याने सांगितले की पंधरा तारखेला नव्या इमारतीचे काम सुरू होते आहे, एक जागा तोवर कोणाला देत नाही. मला त्याने बसा म्हटले नाही. तेही बरोबरच होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला आणि साक्षीदारांनाही वाचून दाखवला. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षर घातले आहे.

सही: टाकीवाल्याची मावशी, धाकट्याची व थोरल्याची आई
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका (चष्म्याविना वाचून सही केली)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (दुकान वीस मिनिटे बंद ठेवून आले)
स्थळ: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: तीन, गुरुवार, सकाळचे अकरा

ता. क. भाच्यास. ही प्रत तुला आजच रजिस्टर टपालाने पाठवते. मला माफ कर असे लिहिणार नाही, ते मागायचा माझा हक्क नाही, आणि तू भाबडा आहेस, लगेच करून मोकळा होशील. पट्टा नवा नव्हता. तुझी गाठ सुटली नाही, ती मी सोडली. पडण्याचा भाग सिनेमात ठेवायचा की काढायचा, हे तूच ठरव, धाकटा ऐकणार आहे. पण त्याआधी पंधरा तारखेला तू दोरावर येतोस की नाही, एवढे एका ओळीत उलट टपाली कळव. पत्र मुकादमाच्या पत्त्यावर टाकलेस तरी चालेल.