चिठ्ठीत आई निघाली

पायसांदू, ९ मार्च

प्रिय मिर्ताताई,

तू बरी असशील असं धरून चालते. मी ठीक आहे. नदी वर आली होती, आता उतरतेय. अंगणातल्या अंजिराला यंदा फळं कमी आणि पाखरंच जास्त. हे पत्र तुमच्या ग्विचोनला येणाऱ्या बसवाल्याच्या हाती देतेय. फोन केला असता, पण तू उचलला नसतास.

आईची माती करून आलो त्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "झुल्मा पोरांना इंग्रजी शिकवत नाही, घरातून घालवते." तुझा फाब्रिसियो माझ्याकडेच शिकून कॅनडाला गेला आणि तुला फोन करेनासा झाला, तेव्हा राग समजण्यासारखा होता. मला लागलं, ते लागलंच.

शिकवणी अजून चालू आहे. आता येतात ती सगळी इंग्रजीत पुढे गेलेली मंडळी. व्याकरण माझ्याहून चोख, पण समोर माणूस आला की दातखीळ बसते. नाहीतर जनावरांचे डॉक्टर ओस्वाल्दो, ते दुसऱ्याला तोंडच उघडू देत नाहीत. म्हणून मी पुस्तकं मिटली आणि खेळ मांडले. टोपलीत चिठ्ठ्या असतात: घरमालक, चिडलेलं गिऱ्हाईक, रुसलेला मित्र. दोघांनी एकेक काढायची आणि तसं बोलायचं. माटेच्या चहाचा पेला ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्येच स्पॅनिश बोलला तर सगळ्यांच्या बशा विसळायच्या. ओस्वाल्दो बहुतेक मोरीपाशीच असतात.

गुरुवारी यामिला खेळायला बसली.

हो, तुझीच लेक यामिला. वर्षभर येतेय, हॉस्पिटलातली ड्यूटी संपली की. मी बोलावलं नव्हतं, पण आली तेव्हा परतही पाठवलं नाही. तिच्या चिठ्ठीत होतं, 'नको असलेली बातमी घरी सांगा.' माझ्या चिठ्ठीत आई निघाली.

पेला धरून ती म्हणाली, "आई, मला आयर्लंडमध्ये नर्सची नोकरी लागलीय. पंधरा तारखेला निघतेय."

इंग्रजी अगदी सफाईदार. मला वाटलं, खेळातलीच बातमी. म्हणून मी तुझ्यासारखी बोलले, अगदी तुझ्या आवाजात. "जा ना. एक गेला, आता तूही जा. मी कोंबड्यांशी बोलेन."

ओस्वाल्दो खो खो हसले. ती हसली नाही.

"कोंबड्यांची तरी चौकशी करतेस," ती म्हणाली. "दादा निघाला तेव्हा तू खोलीचं दार लावून घेतलंस. मी निघेन तेव्हा स्टँडवर येशील का?"

आणि पेला माझ्या हातात दिला. बोलायची पाळी माझी होती. तेव्हा कळलं, की हा खेळ नव्हे. 'येईन' म्हणायला काय लागतं? पण ते उत्तर तुझं होतं गं, मी कुठून देऊ? हातातला माटे गार होऊन गेला. शेवटी तीच स्पॅनिशमध्ये म्हणाली, "असू दे, मावशी," आणि उठून बशा विसळायला लागली.

मोरीपाशी मी विचारलं, घरी कधी सांगणार. म्हणाली, विमानात बसल्यावर मेसेज टाकेन. "बंद दार बघून निघण्यापेक्षा न सांगता गेलेलं बरं, मावशी."

मी तुला कळवतेय हे तिला ठाऊक नाही. कळलं तर बोलणं टाकेल. टाकू दे. आपल्या घरात त्याची सवय सगळ्यांनाच आहे.

तू ये म्हणून मी विनवणार नाही, मला ते जमत नाही आणि तुला ते आवडत नाही. विमानासाठी तिची मोंटेव्हिडिओची बस रविवारी, पंधरा तारखेला सकाळची आहे. मी थर्मास घेऊन इथल्या स्टँडवर असेन. माझ्याशी बोलली नाहीस, माझ्याकडे बघितलं नाहीस, तरी चालेल. पेला भरून तुझ्या हातात देईन आणि बाजूला होईन.

एका खेळापुरती तुझ्या जागी बसलेली, आणि तेही न जमलेली,
झुल्मा