मस्कतहून आलेलं पार्सल

लिंबायत, सुरत
१९ नोव्हेंबर १९९६

ती. भाऊ,

रंजनाचा नमस्कार, शैलजावहिनींनाही सांग. आम्ही सगळे मजेत. दिवाळीत गल्लीतले यंत्रमाग बंद होते. खटखट थांबली तर आईला झोपच येईना! तुझ्या वाट्याच्या करंज्या मीच खाल्ल्या.

तुझं पार्सल मिळालं. पण कसं मिळालं, ते ऐक.

पाडव्यानंतर पोस्टमन नुसती चिठ्ठी घेऊन आला. पार्सल मस्कतचं आहे, ड्युटी भरून पोस्टातून सोडवून न्या, म्हणाला. नाव बापूंचं. बापू जेवत होते. पानावरून मान वर न करता म्हणाले, "परत धाडी दे."

आईने त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. तू परस्पर लग्न केलंस तेव्हापासून घरात तुझं नाव निघालं की ती अशीच कामाला लागते. मग मीही भांडी घासायला उठले.

सकाळी बघते तर बापू दाढी करून, धुतलेली टोपी घालून तयार. "पोस्टात सही करनी पडी, नको म्हनीसन," म्हणाले. मी मागोमाग निघाले. रिक्षात सारखा त्यांचा हात कोपरीच्या खिशाकडे जात होता. परत करायला निघालेला माणूस एवढे पैसे कशाला घेतो, सांग?

खिडकीतल्या भाईंनी पार्सल पुढे ठेवलं. "काका, विदेशी कापड छे. ड्युटी भरवी पडशे. नहीं तो लखी आपो, पाछुं जशे."

परत पाठवा असं लिहून द्यायला बापूंनी पेन घेतलं. पण त्यांची नजर पार्सलवर अडकली. इंग्रजी पत्त्याखाली मराठीत लिहिलं होतं, "बापूंस." पहिलीतल्या पोरासारखं, वाकडंतिकडं. तुझं अक्षर तर ते नव्हतं.

"हाई कोनी लिखं?"

"वहिनींनी असेल," मी म्हटलं.

"ती तं केरळनी ना?"

"शिकल्या असतील, बापू."

बराच वेळ ते त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मागे रांग वाढली. मग पेन खाली ठेवलं, खिशातून पैसे काढले आणि खिडकीतल्या भाईंना जरा जोरातच सांगितलं, "मना पोर्‍यानी धाडेल शे. मना सूननी लिखेल शे."

घरी आल्यावर त्यांनी स्वतः दोरी सोडली. माझी हिरवी साडी, आईची जांभळी, आणि त्यांच्या सदऱ्याचं कापड. बापूंनी ते चिमटीत धरलं, उजेडात नेलं, उलटसुलट केलं आणि मला म्हणाले, "काठवर काय लिखेल शे, वाच."

मी वाचलं. इंग्रजीत बारीक छापलं होतं, सुरत!

"हाऊ तं आपलाच माल शे! आनि मी येनी विदेशी म्हनीसन ड्युटी भरी उनू!" असं म्हणून बापू जे हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईपण पदर तोंडाला लावून हसली. शेजारच्या भागीरथीमावशी काय झालं म्हणून धावत आल्या, तर त्यांना बापूंनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आता रोज कुणाला ना कुणाला सांगतात. शिंप्याकडे माप देऊन आलेत.

भाऊ, एक गोष्ट मी तुला तीन पत्रांत लिहिली नाही. माझं लग्न ठरलंय. मुलगा धुळ्याचा, पंडित नाव, पलसाण्याला रंगाच्या कारखान्यात आहे. चांगला आहे, हसरा आहे. पण तारखेचा विषय निघाला की मला काहीतरी काम आठवायचं. पाठीशी तू नसताना मांडवात उभं राहायचं मला जमत नव्हतं, आणि तुला बोलवा असं बापूंना सांगायची हिंमत होत नव्हती.

काल त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "तेले लिख, आते पार्सल नको. सूनले लई ये. मानूसवर तं ड्युटी लागस नही ना?"

पत्रिका अजून छापायला दिलेली नाही. तुझी सुट्टी कधी आहे ते कळव, त्यावरूनच तारीख धरायची असं बापूंनी पंडितच्या घरी सांगून टाकलंय.

बापूंनी शेजारी बसून लिहायला लावलेली,
तुझी
रंजना