बाबांच्या जागी मी जाणार नाही

ताई,

तू कामावरून येशील तेव्हा मी उल्हासनगरला इंटरव्ह्यूला पोचलेलो असेन. एका कोचिंग क्लासवाल्यांना लेक्चरचे व्हिडिओ एडिट करून तिथले कॉम्प्युटरही सांभाळणारा माणूस हवाय. मला दोन्ही येतं, टेन्शन घेऊ नको.

आनंदनगरहून, बाबांच्या कारखान्यातून सुपरवायझरचा फोन येईल. बाबांच्या जागी मला घेतो म्हणतायत. त्यांना सांग, राजरत्न त्या मशीनवर उभा राहणार नाही. पक्की नोकरी आहे, तुला राग येणार, सगळं माहितीये.

आठवडाभर बाबाच माझी तयारी करून घेतायत. साहेब बनून खुर्चीत बसतात आणि ओरडतात, "अरे, प्रिंटर बंद पडला!" मी धावत वायरी तपासायला गेलो तर म्हणाले, "आधी समोरच्याला विचार तरी, काय झालं ते!" आणि हसले. अपघातानंतर पहिल्यांदाच.

तुझा लॅपटॉप एडिटिंगला वापरला. साफ करून ठेवलाय, आता तापत नाही.

संध्याकाळी बाबांच्या उजव्या हाताची पट्टी बदल. भात मात्र भरवू नकोस, चमचा दे. जमतं त्यांना. आज माझ्या शर्टाला त्यांनीच इस्त्री केली, डाव्या हातानं.

राजू