आत्या मागे फिरत नाही

ती. हरिश्चंद्रमामा यांना,

बेव्हर्ली पार्कातून साईराजचा वाकून नमस्कार (दोनदा वाकलोय, एक मामींच्या वाटणीचा). तुमचा गुडघा कसा आहे? महाडच्या वैद्याचं तेल लागू पडलं का? इकडे सगळे मजेत, आणि मी तर फारच, कारण निकेतचं लग्न ठरलं आणि ते मी ठरवलं!

तुम्ही विचारलंत, जीपला रस्ता सांगणारं मशीन बसवू का, त्याचा भरवसा काय. फोनवर एवढं मावत नाही म्हणून लिहितोय. मामा, डोळे मिटून बसवा (चालवताना उघडा). दाजींच्या गाडीत आहे ते, त्यातली बाई हिंदीत बोलते, पण माणूस म्हणून एकदम चांगली.

रविवारी घोडबंदरला मिनलच्या घरी बोलणी होती. निकेत आणि मिनल एकाच बँकेत, आपसांत त्यांचं कधीच ठरलेलं. अडलं होतं फक्त विमलआत्याच्या होकारावर, आणि आत्या आपल्या पोराच्या बाबतीत कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. मिनलचे वडील जहाजावर, दुपारी निघाले की वर्षभर नाहीत. म्हणजे त्या दिवशी नाही तर एकदम पुढच्या साली. दाजींना ताप होता म्हणून किल्ली माझ्याकडे आली.

आत्या, निकेत आणि मी निघालो. बाई म्हणाली, दाएँ मुड़िए. तेवढ्यात डावीकडे ट्रेलरवर आकाशपाळणा चाललेला, मामा, सुटा करून, पाळणे एकात एक घालून! जत्रा कुठे लागतेय बघावं म्हणून जरा डावीकडे घेतलं. ट्रेलर भाईंदर वेस्टला कुठल्या गल्लीत शिरला कळलंच नाही आणि मी राई गावाच्या रस्त्याला (राईच्या विठूने बदकं पाळली होती, ते नंतर सांगतो). बाई शांतपणे म्हणाली, यू-टर्न लीजिए. मी वळवणार तर मागून आत्या कडाडली, "खबरदार! शुभकार्याला निघालेली गाडी मागे फिरवायची नाही."

"आई, घोडबंदर मागे राहिलं," निकेत म्हणाला.

"तू गप. पुढूनपण असेल रस्ता."

मोर्वा गेलं, डोंगरी गेलं, उत्तन गेलं. प्रत्येक नाक्यावर बाई तेच सांगतेय, आवाज तसूभर चढला नाही. भरवसा म्हणतात तो हा, मामा. आमचे मास्तर दुसऱ्यांदा सांगताना छडी काढायचे. शेवटी आत्याच तिला म्हणाली, "ओ बाई, हम शुभ काम को निकला है, पीछे नहीं फिरता, समझा क्या?" बाईने ऐकून घेतलं. मग पुन्हा, यू-टर्न लीजिए.

उत्तनपुढच्या पालीत रस्ता संपला. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही आरसे मिटले, समोर बोंबील वाळत घातलेले आणि त्यांच्यामागे समुद्र. बोंबील उलटणारी एक मावशी म्हणाली, "कुठं चाललाव रं? पुढं रस्ता न्हाय, दर्या हाय." निकेत रडायच्या बेतात, मिनलचे मेसेजवर मेसेज. आणि तिथे मला सुचलं (दहावीला गणितात राहिलो, पण हे सुचलं). म्हटलं, "आत्या, परक्या घरी टेकून पाणी प्यायलं की आधीचा प्रवास संपला. मग निघतो तो नवाच."

"असं कुठं असतं?"

"असतंय की! आमच्यात बी हाय," म्हणत मावशीने तांब्याच आणला.

आत्या ओट्यावर बसली, पाणी प्यायली, दोन किलो सुके बोंबील घेतले. मी गाडी रिव्हर्समध्ये काढतोय हे तिने बघितलंच नाही, कारण ती खिडकीतून मावशीला लग्नाचं आमंत्रण देत होती. कोणाच्या लग्नाचं? निकेतच्या! म्हणजे होकार पालीतच झाला, मामा, मुलगी बघायच्या आधी.

घोडबंदरला मिनलचे वडील बूट घालून, बॅग उचलून दारात उभे. आत्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. उंबऱ्यातच म्हणाली, "मुलगी आमची झाली, तुम्ही निघा निर्धास्त." निकेतने मला उचलून गोल फिरवलं. ज्या कामाला वर्ष लागलं असतं ते एका चुकलेल्या वळणाने झालं.

मामींना, पिंकीला आठवण सांगा.

तुमचा लाडका (असं मी धरून चालतो) भाचा,
साईराज

ता. क.: दाजींचा ताप उतरला आणि ते गाडी बघायला खाली गेले. बोंबलाचा वास जात नाही. शिवाय डावा आरसा पालीत मिटला तो उघडत नाही. किल्ली आता त्यांच्या उशीखाली असते. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, तर लग्नात नवरदेवाची गाडी साईराजच चालवेल, एवढं त्यांना सांगा. खरं तर त्यासाठीच हे पत्र.

ता. क. २: नाहीच ऐकलं त्यांनी, तर तुमची जीप घेऊन या. मी शेजारी बसून रस्ता सांगेन. मशीन मात्र नका बसवू. एका गाडीत दोघांनी सांगितलं की घोटाळा होतो.