वीस ग्रॅमच्या वजनाचा खुलासा

तीर्थस्वरूप मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, त्यामुळे जोडणी जरा तिरकी समजावी). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचं जिना चढणं सुरू झालं का? इकडे सगळे मजेत. मीही मजेत आहे, फक्त सोमवारपर्यंत प्राचार्यांना लेखी खुलासा द्यायचा आहे.

पण आधी तराजूची खुशाली, कारण तुम्ही माझ्याआधी त्याचीच विचारणार. त्याची काच रोज पुसतो. वजनांना बोट लावत नाही, चिमट्यानेच उचलतो. अठ्ठावीस वर्षं सांभाळलेली प्रयोगशाळा माझ्या हवाली करताना तुम्ही एवढंच म्हणाला होता की तराजूसमोर शिंकायचं नाही. बारा वर्षं मी व्हरांड्यात जाऊन शिंकतो. व्हरांड्यात प्राचार्यांची खोली आहे, त्यामुळे त्यांचं माझ्याबद्दलचं मत या प्रकरणाच्या आधीपासूनच फारसं बरं नाही.

आता प्रकरण. तुमची धाकटी यंदा इथेच शिकवायला आली, हे तुम्हाला ठाऊक आहेच (कॉलेजात मला तिला मॅडम म्हणावं लागतं, ती मला चारचौघांत ‘दादा’ म्हणते आणि मग जीभ चावते). शिकवते झकास. पहिल्याच तासाला मुलांना सांगते की अणू कुणी आधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो तराजूवर ओळखला. मॅग्नेशियम कुठेही जाळा, तीन भाग धातूला दोन भाग ऑक्सिजनच चिकटतो. प्रमाण ठरलेलं आहे, म्हणजे पदार्थ पिठासारखा हवा तेवढा घेता येत नाही, त्याचे ठरावीक वजनाचे दाणे असले पाहिजेत. आणि मग टेबलावर हात ठेवून म्हणते, ‘याच टेबलावर माझं उत्तर तीनास दोन आलं, त्या दिवशी मला अणू पटला.’ मी मागे धातू जाळायच्या मुशी घासत उभा असतो.

हा प्रयोग आपल्याकडे कधी चुकत नाही, अशी ख्याती आहे. मॅग्नेशियमची फीत मी एकसारखी कापून देतो. रिकामी मूस आणि फितीसकट मूस निळ्या खुणेच्या पेटीतल्या वजनांनी तोलायची. जाळून झाल्यावरची मूस लाल खुणेच्या पेटीतल्या वजनांनी. का, असं इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही, प्राध्यापकांनी तर नाहीच. गरम मुशीची वजनं वेगळी ठेवावीत, असं मी एकदा सांगितलं आणि ते वह्यांत उतरलं. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्या वह्यांतून उतरवून घेतलं.

गेल्या मंगळवारी दुसऱ्या कॉलेजातली पाहुणेमंडळी आली. मॅडमनी स्वतः प्रयोग करून दाखवायला घेतला आणि बोलण्याच्या भरात तिन्ही वेळा निळीच पेटी वापरली. उत्तर आलं तीनास एक पूर्णांक सहा. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ मिशीत हसले. (एरवी झाकण उघडताना थोडा धूर निसटतो, थोडी फीत जळायची राहते, जगभर असंच कमी येतं म्हणतात.) दुसरा कुणी ‘होतं असं’ म्हणून चहाला गेला असता. ही तुमची मुलगी. तिने परत केलं, तिन्ही वेळा लाल पेटी घेऊन. पुन्हा एक पूर्णांक सहा. मग निळी, निळी आणि लाल. तीनास दोन, अगदी पुस्तकातल्यासारखं! तिने दोन्ही पेट्यांतली वीस ग्रॅमची वजनं तराजूच्या दोन पारड्यांत समोरासमोर ठेवली आणि काटा कलला. लाल पेटीतलं वजन चाळीस मिलिग्रॅमने हलकं निघालं. त्या गडबडीत मी गरम मुशीचं झाकण हातानेच उचललं. अंगठ्याची हकिकत एवढीच.

वजन हलकं कसं झालं यावर स्टाफरूममध्ये तीन मतं आहेत. भौतिकवाले म्हणतात झिजलं. जीवशास्त्राच्या बाई म्हणतात घासायच्या पावडरीचा दोष. ग्रंथपाल म्हणतात, पुस्तकाच्या बाहेर गेलं की असंच व्हायचं. मी मत दिलेलं नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा भाचा

ता. क. – खुलासा लिहून तयार आहे. वजनाला कानस मीच लावली, असं त्यात साफ लिहिलंय. होईल ते होईल. तुमच्याकडून फक्त दोन ओळी आणि सही हवी: मी कामाला लागल्यावर तिसऱ्या वर्षी तुम्ही येऊन दोन्ही पेट्या तपासल्यात आणि त्या बरोबर होत्या. तुम्ही आला नव्हतात, हे मला ठाऊक आहे. आयुष्यात तुम्ही एक मिलिग्रॅम इकडचा तिकडे केला नाहीत, हेही ठाऊक आहे. म्हणून तर तुमची सही हवी.

ता. क. २ – तिसरंच वर्ष का, हे तुम्ही विचारणार. धाकटीची परीक्षा माझ्या दुसऱ्या वर्षी झाली, तिसऱ्या वर्षी पेट्या बरोबर होत्या म्हटलं की तिचं उत्तर खरं ठरतं. आधी सरावात तिचं उत्तर तीनदा एक पूर्णांक सहा आलं होतं. अणूबिणू सगळं थोतांड आहे, मी हा विषय सोडते, असं म्हणून ती मुशींच्या कपाटामागे बसून रडली. ते मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कानस आणली. पुढे ती पेटी तशीच चालू ठेवली, कारण एकट्या तिचंच उत्तर बरोबर आलं असतं तर संशय आला असता. अणू खरे आहेत, मामा, त्याला जगभरच्या तराजूंची साक्ष आहे. खोटं आहे ते फक्त तिचं तीनास दोन.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार तेवढ्यात ती येऊन गेली. म्हणाली, ‘दादा, माझी तेव्हाची प्रयोगवही बाबांकडे आहे ना, रविवारी जाऊन घेऊन येते, माझे आकडे बघायचेत.’ वही माळ्यावर डावीकडच्या ट्रंकेत आहे. उंदरांनी खाल्ली म्हणून सांगा. तुमच्या घरात उंदीर नाहीत, पण रविवारला अजून चार दिवस आहेत.