अर्जदाराच्या टायरला कोणी लाथ मारत नाही

प्रति,
मा. समन्वयक महोदया,
ज्येष्ठ नागरिक स्वयंसेवी वाहनसेवा,
फेदर क्रीक काउंटी, मोंटाना
(न्यायालयाची इमारत, तळमजला, पशुवैद्यांच्या खोलीशेजारी)

विषय : श्रीमती आर्डिथ मोएन यांची गुरुवारची फेरी अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ७ ऑक्टोबर (“आपल्या नोंदींनुसार गाव चार मैलांनी जवळ आले आहे, खुलासा करावा”).
२) आपले पत्र दि. १४ ऑक्टोबर (सदर फेरी श्री. डेल्बर्ट रिंगडाल यांच्याकडे सोपविल्याचे).
३) टायरच्या दुकानात आपली गाठ पडली असता आपण “ऑर्विल, जे काय आहे ते लेखी दे, माझ्यामागे रांगेत बारा गिऱ्हाइकं आहेत” असे म्हणालात, ते.

महोदया,

खाली सही करणारा ऑर्विल ट्वेट, वय एकाहत्तर, धान्याच्या कोठारावरून निवृत्त. माणसाने आपल्या तोंडाने ‘मी मी’ करू नये अशी आईची शिकवण असल्याने या कागदात तो स्वतःस ‘अर्जदार’ म्हणवून घेत आहे. त्याचे सविनय म्हणणे पुढीलप्रमाणे.

१. अर्जदार गेली नऊ वर्षे दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता श्रीमती आर्डिथ मोएन (यापुढे ‘बाई’) यांना त्यांच्या फाटकापासून गावात नेत व परत आणत असे. अंतर चौतीस मैल, त्यातले एकवीस कच्चे. बाईंच्या उजव्या गुडघ्याचा व्यायाम, मग वाचनालय, मग उपाहारगृहात कॉफी आणि एक दालचिनीचा रोल दोघांत. रोलचा मधला मऊ भाग बाईंचा, बाहेरची वेटोळी अर्जदाराची, असा ठराव कोणी केला नव्हता, तो होत गेला. नऊ वर्षांत अर्जदाराने एकही गुरुवार चुकवलेला नाही. स्वतःच्या भावाचा अंत्यविधीदेखील त्याने शुक्रवारी घ्यावयास लावला.

२. गेल्या ऑगस्टमध्ये श्री. डेल्बर्ट रिंगडाल यांनी आपला अठ्ठ्याहत्तर सालचा पिकअप चाकांवर दोन इंचांनी उंच उचलून घेतला आणि त्याला तेहेतीस इंची ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या वाटांना चालणारे, टायर चढविले. हे गृहस्थ अर्जदाराचे शेजारी असून त्यांचे अंगण अर्जदाराच्या स्वयंपाकघरातून दिसते. अर्जदार ते पाहात नाही, पण दिसते.

३. आपण याच मातीतल्या असल्याने आपणांस सांगणे नलगे, की इथे कोणी गाडीला नवे टायर घातले, की लोक खिशात हात घालून तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि पुढच्या टायरला बुटाच्या टोकाने हलकेच लाथ मारतात. लाथेने टायरचे काही कळत नाही. परंतु मालकाविषयी जे चांगले वाटते ते तोंडाने बोलण्याची आपल्याकडे रीत नसल्यामुळे ते पायाने बोलतात. त्या रविवारी चर्चच्या आवारात डेल्बर्टच्या टायरला एकूण चौदा लाथा पडल्या. अर्जदाराने मोजल्या नाहीत, चौदाच होत्या. तेराव्या लाथेनंतर बाई पुढे झाल्या, डेल्बर्टच्या खांद्याचा आधार घेतला आणि धड असलेल्या डाव्या पायाने चौदावी मारली.

अर्जदाराचा पिकअप त्याच आवारात, दोन गाड्या सोडून उभा होता. त्याला नऊ वर्षांत बाईंची एकही लाथ लाभलेली नाही.

४. सबब अर्जदाराने टायर बदलण्याचे ठरविले. यात मत्सराचा भाग नव्हता. जुने टायर झिजून गोटा झाले होते, निदान होऊ लागले होते. अर्जदाराने तीन आठवडे अभ्यास केला. टायरवाले श्री. वर्ल स्कोगलुंड यांनी त्यास विचारले, की वर्षाकाठी डांबर किती, खडी किती, बर्फ किती आणि चिखल किती. हिशेब करता चिखल वर्षातून नऊ-दहा दिवस निघाला. त्यावर वर्ल म्हणाले की मग ऑल-टेरेन घे, आवाज कमी, बर्फात पकड, बाजूवर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह आहे ते उगाच नाही, आणि तुझ्या गाडीला आहे त्या उंचीतच बसतील. अर्जदाराने विचारले, डेल्बर्टने कोणते घेतले. वर्ल म्हणाले, हेच.

इथे अर्जदाराची निवड मर्यादित झाली, हे आपण समजून घ्याल. शेजाऱ्याचेच टायर घ्यावे तर लोक म्हणणार, ऑर्विलने नक्कल केली. लहान घ्यावे तर प्रश्नच मिटला. म्हणून अर्जदाराने पस्तीस इंची मागितले. ते चाकाच्या कमानीला घासत होते, म्हणून गाडी सहा इंचांनी उचलावी लागली. एवढे उचलल्यावर साधी नक्षी शोभेना, म्हणून ठोकळ्याठोकळ्यांचे, खास चिखलाचे टायर घ्यावे लागले. एका गोष्टीतून दुसरी निघत गेली, अर्जदार फक्त मागोमाग गेला. वर्ल इतकेच म्हणाले, “ऑर्विल, तू टायर घेतोयस की डेल्बर्टची जिरवतोयस?” अर्जदाराने सांगितले की एकाच फेरीत दोन्ही कामे होत असतील तर तुझी काय हरकत. टायरवरच्या पांढऱ्या अक्षरांची बाजू बाहेर ठेवून घेतली, म्हणजे ती अक्षरे डेल्बर्टच्या स्वयंपाकघरातून वाचता येतील.

५. संदर्भ एकमधील खुलासा : गाव जागेवरच आहे. टायर मोठे झाले की चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापते, पण गाडीतल्या आकड्याला ते कोणी सांगितलेले नसते. तो बापडा जुन्याच टायरच्या हिशेबाने मोजतो आणि चौतीस मैलांचे तीस होतात. तो दुरुस्त करून घे असे वर्लने बजावले होते. परंतु गाव चार मैलांनी जवळ आले तर बाईंना बरेच वाटेल, असे अर्जदारास तेव्हा वाटले. एका अर्थी वाईट असे झाले, की त्यांच्याबरोबरचा रस्ताही कागदोपत्री तेवढाच कमी झाला. हे अर्जदाराच्या नंतर लक्षात आले.

६. आता मुद्द्याचे. अर्जदाराच्या गाडीची बैठक एकंदर आठ इंचांनी वर गेली : सहा उचलल्याचे, दोन टायरचे. बाईंच्या गुडघ्याला हे आधी विचारले नव्हते. पहिल्या गुरुवारी त्या उघड्या दारासमोर उभ्या राहिल्या, बैठक त्यांच्या हनुवटीशी होती. त्या म्हणाल्या, “ऑर्विल, शिडी लावून चढायचंच असेल तर मी छपरावर जाते, तिथून डोंगर तरी दिसतील.” अर्जदाराने दुधाचा क्रेट आणला, त्यावरून त्या कशाबशा चढल्या. दुसऱ्या गुरुवारी दोन क्रेट आणले. तिसऱ्या गुरुवारी बाई चढल्यावर बोलू लागल्या, पण पन्नासाच्या वेगाला त्या टायरांनी असा घुमारा धरला, की बाई काय बोलत आहेत ते अर्जदारास अजिबात ऐकू येईना. त्याने शिष्टाचार म्हणून तीन ठिकाणी “छान झालं” म्हटले. बाई बिलिंग्जला असलेल्या बहिणीच्या फसलेल्या शस्त्रक्रियेबद्दल सांगत होत्या, हे पुढे गावात वाचनालयाच्या बाईंकडून कळले.

त्या दिवशी रोल मागविण्यात आला नाही. पुढच्या मंगळवारी आपले संदर्भ दोनचे पत्र निघाले. त्यात ‘प्रवाशाच्या विनंतीवरून’ असे शब्द आहेत. अर्जदाराने ते पुन्हा पुन्हा वाचून पाहिले, ते तसेच आहेत.

७. यापुढील मजकूर गोपनीय समजावा. दि. २३ ऑक्टोबर रोजी अर्जदार पेट्रोलपंपावर हवा तपासत असता डेल्बर्टचा पिकअप समोरून गेला. त्याला जुन्या पद्धतीचे एकसलग बाक आहे, तिघे बसतील असे. बाई मध्ये बसल्या होत्या. खिडकीशेजारची जागा मोकळी होती.

खिडकीची जागा मोकळी असताना बाईमाणूस मध्ये, चालवणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसते, याचा या काउंटीत काय अर्थ होतो हे आपणांस ठाऊक आहे. आपले यजमान त्याच रीतीने आपल्याला नाचाला नेत असत, हे अख्ख्या गावाने पाहिले आहे, अर्जदार तेव्हा मागच्याच गाडीत होता.

अर्जदाराने दाणावैरणीच्या दुकानात डेल्बर्टला सहज विचारले. तो म्हणाला, “खिडकी गसची असते.” गस हा त्याचा कुत्रा. परंतु दि. २३ रोजी सदर कुत्रा मागच्या हौद्यात, उघड्यावर, कान उडवीत उभा होता आणि त्याच्या तोंडावर कोणतीही तक्रार नव्हती.

अर्जदाराच्या गाडीत मधली जागा नाहीच. दोन स्वतंत्र बैठका आहेत आणि मध्ये कॉफीचे पेले ठेवण्याची पेटी. नऊ वर्षे मध्ये पेटी होती. ती गाडी घेताना अर्जदाराला मोठी सोयीची वाटली होती.

८. या अर्जाच्या पहिल्या खर्ड्यात तीन मागण्या होत्या. प्रवाशांनी खिडकीशीच बसावे असा नियम करावा. कुत्र्याचे आसन निश्चित करावे. आणि सेवेतील गाड्यांच्या उंचीस मर्यादा घालावी. तिसरी मागणी फक्त अर्जदारालाच लागू पडते असे दिसल्याने मागे घेतली. पहिल्या दोन का मागे घेतल्या ते पुढे आहे.

९. दि. ३० ऑक्टोबर, गुरुवार. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. अर्जदार डेल्बर्टच्या गाडीमागून आदरपूर्वक अंतर राखून, टायरांची तुलना करण्याच्या शास्त्रीय हेतूने जात होता. आपल्याकडची काळी चिकणमाती भिजली की कोणाच्याच टायरला जुमानत नाही, ती चाकालाच लिंपून बसते. डेल्बर्ट मधल्या खडीच्या पट्ट्यावरून मुंगीच्या पावलाने चालला होता. अर्जदाराच्या मनात आले, आपण पुढे निघून जावे, म्हणजे बाईंना आपले टायर मागून नीट पाहता येतील.

ते त्यांना बाजूने पाहायला मिळाले. अर्जदाराची गाडी कडेच्या चरात, डावीकडे कलून, चारही टायर मातीचे गोळे होऊन निजली.

डेल्बर्टने साखळी काढली. तो घाईत नव्हता. म्हणाला, “मोठ्या टायरांचं हेच बरं असतं, माणूस लहान टायरवाल्यापेक्षा जास्त आतपर्यंत जाऊन रुततो.” गाडी वर आल्यावर त्याने अर्जदाराच्या पुढच्या टायरला लाथ मारली. ती चिखल झाडण्यासाठी होती, ती हिशेबात धरू नये.

बाई खाली उतरल्या नव्हत्या. त्या बाकावरून खिडकीपर्यंत सरकल्या, काच खाली केली आणि अर्जदारास जवळ बोलाविले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो, कारण तेव्हापासून ते अर्जदाराच्या कानात त्या टायरांहून मोठ्याने घुमत आहेत :

“डेल्बर्टनं मला वर्लच्या दुकानात नेलं होतं. म्हणाला, आर्डिथ, तू सांग कुठले घेऊ. मी म्हटलं, मला चढता येईल आणि मला बोलता येईल, असे घे. त्या टायरना मी लाथ मारली ती माझी निवड होती म्हणून. तू नऊ वर्षं मला फाटकापासून नेलंस ऑर्विल, आणि एकदाही काही विचारलं नाहीस.”

अर्जदाराने यावर “छान झालं” असे म्हटले नाही. बाईंनी काच वर केली आणि त्या पुन्हा मध्ये सरकल्या.

१०. सबब सुधारित मागणी : अर्जदाराची गाडी वर्लकडे खाली उतरविण्यासाठी उभी असून मोठे टायर काढलेले आहेत. नवे टायर ठरेपर्यंत ती ठोकळ्यांवर राहील. अर्जदार एकाहत्तर वर्षांचा, वाहन नसलेला, चौतीस मैलांवर राहणारा ज्येष्ठ नागरिक झाला असून आपल्या सेवेच्या नियमांत पूर्णपणे बसतो. तरी त्याचे नाव चालकांच्या यादीतून कमी करून प्रवाशांच्या यादीत घालावे आणि त्यास गुरुवारची फेरी, श्री. रिंगडाल यांच्या गाडीत, मिळावी.

अर्जदार प्रथम मधली जागा मागणार होता. हेतू उघड आहे. परंतु रात्रभर विचार करता ध्यानात आले, की अर्जदार मध्ये बसल्यास तो डेल्बर्टच्या खांद्याला खांदा लावून बसेल, आणि त्याचाही या काउंटीत काही अर्थ होतोच. शिवाय तो खिडकीशी बसला तर बाई मध्येच राहतात, आणि मध्ये बसलेले माणूस दोन्हीकडच्यांच्या शेजारी असते. मग मधल्या जागेला दुसरा कोणताही अर्थ उरत नाही. निदान पूर्वीइतका उरत नाही. गाडीत पेटीही नाही.

म्हणून खिडकीची जागा मिळावी, ही विनंती. कुत्र्याची हरकत नसावी. रोलचे वेटोळे डेल्बर्टला आवडते का, याची चौकशी आपल्या स्तरावर व्हावी. नसेल आवडत तर अर्जदार आहे.

आपला नम्र, आणि तूर्त पायी,
ऑर्विल ट्वेट
दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) अर्जदाराच्या पुढच्या डाव्या टायरचे छायाचित्र, चिखलापूर्वीचे. बुटाची एकही खूण नाही, हे भिंगातून पाहिल्यास कळेल.
२) चोकचेरीच्या मुरंब्याची बरणी, कार्यालयासाठी. ही दरवर्षीचीच आहे, तिचा या अर्जाशी संबंध जोडू नये.
३) वर्लच्या दुकानातले टायरांचे माहितीपत्रक, श्रीमती मोएन यांना पोचते करण्यासाठी. कोणते घ्यावे त्यासमोर त्यांनी खूण करावी. पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे.