दीड वेढा

४ मार्च, बुधवार

आज परत गाडीचं पोट घासलं. बँकेच्या वळणावरचा गतिरोधक. मागच्या सीटवर खोक्यात रक्ताच्या अकरा नळ्या, त्या खुळखुळल्या. एकही फुटली नाही. लॅबमधल्या बाईंनी खोकं उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते हलवत आणलं होतं.

सकाळी सातपासून घरोघरी जायचं, लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं, साडेदहाच्या आत पोचवायचं. या कामाला गाडी लागते. असली नाही.

नवऱ्याने घर सोडायच्या पंधरा दिवस आधी ती खाली बसवली. त्याच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या गाड्या जमिनीला टेकलेल्या, आपलीच तेवढी उंच, म्हणून. गाडी खाली बसवायचा तयार संच महाग. मग पार्किंगमध्ये फतकल मारून बसला, स्प्रिंगा काढल्या आणि ग्राइंडरने सरळ कापल्या. ठिणग्या तिसऱ्या मजल्यावरून दिसत होत्या. बाथरूमच्या गळक्या नळाला वायसर घालायला या माणसाला दोन वर्षं सवड नव्हती. स्प्रिंगा एका रविवारात!

जाताना म्हणाला, "गाडी तू ठेव. तुला लागेल."

दोन महिने हेच वाक्य मी सगळ्यांच्या तोंडून ऐकतेय. दादा म्हणाला, "काही म्हण, गाडी तरी दिली." आपण काय बोलणार? दिली.

६ मार्च, शुक्रवार

सासूबाईंना खांद्याच्या व्यायामाला नेलं. मंगळवार-शुक्रवार नेमाने. मुलगा गेला, आई माझ्याकडे राहिली. त्याच्या नव्या घरात म्हणे जागा नाही. हे त्याने मला फोनवर सांगितलं, आईला नाही. आईला सांगायचं काम माझं.

खड्डा आला की त्या चांगल्या हाताने दारावरची कडी घट्ट धरतात आणि डोळे मिटतात. आज म्हणाल्या, "मनाने वाईट नाही गं तो. वाईट असता तर गाडी घेऊन गेला असता."

मी गिअर बदलला. दुसरं काय बदलणार!

डावीकडे वळताना पुढून टक् असा आवाज येतो. आधी नव्हता.

७ मार्च

टक्. टक्. आता उजवीकडेही.

९ मार्च, सोमवार

मास्तरांकडे गेले. तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायचे, निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये फक्त स्प्रिंगा आणि शॉकअपची कामं करतात. चष्मा दोरीने गळ्यात. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चाक पाहिलं आणि विचारलं, "कोणी कापल्या?"

"नवऱ्याने."

"कसला धंदा करतात ते?"

"छपाईच्या कागदाच्या ऑर्डरी घेतात."

"हं," म्हणाले. त्या एका 'हं'ने मला दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

गाडी जॅकवर चढवली. चाक लोंबायला लागलं. मास्तरांनी मला खाली बसवलं आणि माझाच हात धरून स्प्रिंगवर ठेवला. "फिरवा." फिरवली. फिरली! बाटलीचं झाकण फिरावं तशी.

"ही आता मोकळी आहे, ताई. गाडी रस्त्यावर असते तेव्हा वजनाने दाबून राहते. चाक मोठ्या खड्ड्यात उतरलं की ती बैठकीतून सुटते. परत बसली तर नशीब. वाकडी बसली तर टायरला लागेल. वेगात असाल तर..." रुमालाला हात पुसत राहिले. "अर्धा वेढा कापला असता तर चाललं असतं. यांनी दीड कापलाय."

दीड वेढा. मी दोन महिने रोज सकाळी तीस-चाळीस किलोमीटर हिच्यात फिरतेय. आठवड्यातून दोनदा सासूबाईंना शेजारी बसवून.

मी विचारलं, पुन्हा उंच करायची का? मास्तर म्हणाले, करता येईल. पण गाडी खालीच हवी असेल तर तीही नीट ठेवता येते, फक्त कापाकापी नाही. मुळातच आखूड आणि जाड तारेच्या स्प्रिंगा हव्यात. भंगारवाल्याकडे असल्या गाड्या येतात, जुन्या पण चांगल्या स्प्रिंगा मिळवून देईन, शॉकअप आहेत तेच तपासून घालू.

"खालीच ठेवा," असं माझ्या तोंडून गेलं.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. ती मला खाली बसलेलीच आवडते. वळणावर कलत नाही, रस्ता हाताला कळतो. त्याला मेले तरी सांगणार नाही.

तोवर चालवायची नाही. मास्तरांनी चारदा बजावलं. पायी चालण्याच्या वेगाने घरी आणली.

१० मार्च

बस. दोन बस. साडेदहाचे अकरा झाले, बोलणी खाल्ली. सासूबाईंना रिक्षाने नेलं. त्यांना फक्त "काम निघालंय" सांगितलं. तुमच्या मुलाने काय करून ठेवलंय ते कशाला सांगू? त्यातही काहीतरी चांगलं शोधून काढतील.

१२ मार्च, गुरुवार

मास्तरांचा फोन. स्प्रिंगा मिळाल्या, चारही. सोमवारी या.

संध्याकाळी नवऱ्याचाही फोन. दोन महिन्यांत तिसरा. रविवारी त्यांच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे, गाडी हवी. मग मी विचारलं, परत कधी देणार? तर, "परत म्हणजे? कागद माझ्या नावावर आहेत ना."

वाटलं, आता तो आईबद्दल विचारेल. त्याने विचारलं, "धुतलेली आहे का?"

१३ मार्च

मास्तरांना कळवलं, गाडी जातेय. ते म्हणाले, "त्यांना सांगा हं. लगेच सांगा."

मी हो म्हणाले.

१४ मार्च, शनिवार

तो आला. गाडी वाहून न्यायचा ट्रक घेऊन! लग्नात नवरीला न्यावं तसा थाट. त्याच्या नव्या घरातली ती ट्रकमध्ये पुढे बसलेली, खाली उतरली नाही, फोन बघत राहिली. असेल सत्तावीसची. चेहऱ्याने गरीब वाटली. म्हणजे उद्या या गाडीत शेजारी तीच बसणार.

तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायर नि पत्र्याच्या मधे दोन बोटं घालून पाहिली. हसला. इतक्या मायेने त्याने माझ्याकडे कधी पाहिल्याचं आठवत नाही.

मी दोन फुटांवर उभी होते. जिभेवर होतं. स्प्रिंग मोकळी आहे. तीन शब्द. किल्ली त्याच्या हातात दिली आणि तोंड मिटून घेतलं.

सासूबाई गॅलरीत आल्या होत्या. त्याने खालून हात हलवला. वर आला नाही. त्या बराच वेळ दुखऱ्या हातानेच हात हलवत राहिल्या.

मनात म्हटलं, घे. तुझं तूच कापलंस.

नंतर:

जेवण गेलं नाही. मी लोकांच्या शिरा शोधते, सुई दुखू नये म्हणून म्हाताऱ्यांशी गप्पा मारते. आणि आज एक माणूस, दोन माणसं, जाणूनबुजून जाऊ दिली. ती मुलगी माझं काय देणं लागते? बरं, तो तरी मरावा असं मला खरंच वाटतं का? 'वाटतं' असं लिहून पाहिलं. खोडलं.

सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" शेवटी सांगून टाकलं. स्प्रिंग, मास्तर, सगळं. आणि मी बोलले नाही, तेही. वाटलं, आता या मला शिव्या घालतील. त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी पहिला फोन त्याला कर. माझ्यासमोर."

१५ मार्च, रविवार

केला. सात वाजता, स्पीकरवर, त्या शेजारी. चालवू नकोस, पुढची स्प्रिंग मोकळी आहे, असं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. म्हणून तर ट्रक आणला."

कधीपासून, असं विचारलं.

"कापली तेव्हापासूनच. दोनदा चालवली नि सोडून दिली. का गं?"

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.